आपण म्हणजे कोण

शिडी कपेलाची होती.
तिसरी पायरी काथ्याने बांधलेली,
हे फेलिसियोला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं,
वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

डोळे तपासणीच्या शिबिराचा फलक लावायचा होता
कुडचड्याच्या बाजारात, सकाळी सातला.
पोदेराची सायकल नुकतीच पुढे गेलेली.
तो म्हणाला, "धर गो खालून,"
आणि मी धरली.
एका हाताने.
दुसऱ्या हातात नावनोंदणीचे कागद होते.

मांडीचं हाड. मडगावचं इस्पितळ. दोन सळ्या.
पहिल्या आठवड्यात आम्ही आळीपाळीने पेज नेली,
दुसऱ्या आठवड्यात फळं,
तिसऱ्यात नोटीस आली.
त्याने नव्हे, लिस्बनच्या मुलाने पाठवलेली,
'अध्यक्ष, सचिव व इतर' यांना.
सचिव मी.
'इतर' कोण, यावर त्या संध्याकाळी
बराच वेळ कुणी बोललं नाही.

वकील कुंकळ्येकरबाईंनी चहाला हात लावला नाही.
क्लबची नोंदणी? झाली होती.
नूतनीकरण? उल्हासने छताकडे पाहिलं.
विमा? छताकडे आता सगळेच पाहत होते.
शिडीवर चढायला कोणी सांगितलं?
इतिवृत्तात आहे का?
बाई म्हणाल्या, "मग कायद्याला तुमचा क्लब दिसणारच नाही कदाचित.
दिसाल तुम्ही सतरा जण,
आणि तुमची सतरा घरं.
आता कुणी काही लिहू नका, कबूल करू नका,
आणि त्या शिडीला हात लावू नका."

रात्री मी जुनी वही काढली.
अठ्ठ्याहत्तर सालची, वाळवीने कडा खाल्लेली.
ठराव चौथा:
पुरात होडी काढताना कुणाला इजा झाल्यास आपण बघू.
सर्वानुमते मंजूर.
एवढाच आमचा विमा. दोन शब्दांचा, बिनहप्त्याचा.
आणि बघितलंही होतं तेव्हा:
होडारकराची बोटं दोरात चिरडली,
तर चार महिने त्याचं दुकान
आळीपाळीने उघडलं होतं लोकांनी,
हिशेब चुकवले, पण उघडलं.

पण पेजेचं बिल होत नाही,
सळ्यांचं होतं.
मुलगा खोटं काय बोलतोय?
बाप साठीचा, पंप दुरुस्तीवर पोट,
आणि आमच्याकडे द्यायला काय, तर
हार, नारळ आणि सन्मानचिन्ह.

म्हणून मी नवा फॉर्म लिहायला बसले.
'मी स्वखुशीने, स्वतःच्या जबाबदारीवर'
इथवर आले आणि खोडलं.
ज्याला आपण रविवारी पहाटे उठवतो,
त्याच्याकडून आधीच लिहून घ्यायचं की
पडलास तर तुझा तू?
खाली लिहिलं: विम्याचा हप्ता क्लब भरेल.
शिडी क्लबची असेल, नवी असेल.
शिडी दोघांनी धरावी.
दोन्ही हातांनी.

हे शेवटचं लिहिताना पेन थांबलं.

फेलिसियोला भेटायला गेले तेव्हा
तो म्हणाला, "नोटीस म्हाका खबर ना आशिल्ली."
मग म्हणाला, "पूण पैशे जाय."
मी म्हटलं, "हो, हवेतच."
तो म्हणाला, "चष्मे किती गेले?"
एकशे बारा.
तो हसला, आणि हसताना कळ आली त्याला.

काल इतिवृत्ताच्या वहीत,
वकीलबाईंना न विचारता,
मी सरळ अक्षरात लिहिलं:
शिडी सचिवांनी एका हाताने धरली होती.
सही केली. तारीख घातली.
उल्हास वाचून म्हणाला, "हे फाडता येईल अजून."
मी म्हटलं, "पानांना नंबर आहेत."
त्याने चष्मा काढून पुसला,
आणि बराच वेळ पुसतच राहिला.

शिडी अजून क्लबच्या व्हरांड्यात आहे,
पुरावा म्हणून, सुतळी गुंडाळून.
आज कपेलातून मुलगा आला होता:
फेस्त जवळ आलंय,
पताका लावायच्या आहेत,
शिडी कधी देता?