पडद्यामागची बाजू

राजरतनला गाण्यात जुनं काहीतरी पाहिजे होतं.
जुनं म्हणजे पिवळसर,
कडांना जळकट,
मधूनच एक रेघ थरथरत जाणारी,
आणि गळ्यात रुमाल.
रुमाल घरी सापडला. रेघ ॲपमध्ये फुकट होती.
जुनी भिंत मात्र गावात एकच उरलेली,
कौतिका मावशीच्या पीठगिरणीत,
निळ्या चुन्याचे पोपडे धरून.
"दळणं झाल्यावर या," ती म्हणाली,
"अन् डबे हलवू नोका."

तीन वाजता गेलो.
टिनाच्या भोकातून उन्हाचा दांडा तिरपा उतरलेला,
त्यात ज्वारीचं पीठ कुठंच न जाता फिरत होतं.
हे राहू दे, राजरतन म्हणाला, हे भारी आहे.
"तंबूत बी अस्साच ये उजेड," मावशी म्हणाली.
"फक्त त्याच्यात बिड्यायचा धूर राहे."

आचलनं गॉगल लावला, स्टेप धरली:
उजव्या हातानं रुमाल उडवायचा, गिरकी,
मग ओठांच्या एका कोपऱ्यातून हसायचं,
जसा त्या सिनेमातला हिरो हसतो.
आम्हाला त्यातले दहा सेकंद माहीत आहेत.
तो पुढं मरतो की लग्न करतो
आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

"चुकलं," पिठाच्या डब्यावरून आवाज आला.
"रुमाल डाव्या हातात राहे त्याच्या."

मी फोन काढून दाखवला. हा पाहा, उजवा.
तिनं पाहिलं,
आणि ओले गहू आणणाऱ्यापुढं हलवते तशी मान हलवली.
"तुमचं नाई चुकलं, बाप्पा.
ज्यानं हे फोनात टाकलं, त्याचं चुकलं."

मग थोडं थोडं निघालं तिच्याकडून.
कापूस घरात आला की नाल्यापल्याड तंबू लागे.
समोर बसायचे बारा आणे,
पडद्यामागून पाहायचे चार.
मागं बाया, पोरी, उधारीवाले.
कापड पातळ, चित्र आरपार यायचं,
फक्त सगळं उलटं.
राजे डाव्या हातानं लढत.
डॉक्टर डाव्या हातानं सुई टोचत.
नवरी नवऱ्याच्या उजवीकडे बसे,
आणि स्वतःच्या लग्नात
भटजीनं हिला दोनदा उठवून बसवलं.
"अन् सुरुवातीची नावं? तीही उलटीच?"
"मले सुलटी तरी कुठं वाचता येत होती!"

सात वर्षं पाहिलं तिनं तसं.
अजून काडी ती डाव्या हातानं ओढते,
बाकी सारं उजव्यानं.

मागचा कॅमेरा उन्हापुढं टिकेना.
आचलचा चेहरा नुसता काळा येत होता.
म्हणून मी फोन फिरवला, सेल्फीवर घेतलं,
चौघंही एका बाजूला गोळा झालो,
आणि स्क्रीनमध्ये गिरणी उघडली:
पट्टा, जातं, उन्हाचा दांडा पलीकडून आलेला,
आणि आचलनं रुमाल उडवला
डाव्या हातानं.

मावशी डब्यावरून उठली.
"हां," ती म्हणाली. "हां. असा."
पुढं काही बोलली नाही बराच वेळ.
पापण्यांवर पीठ होतं, ते तिनं पुसलं नाही.

रात्री फोननं विचारलं, सरळ करून ठेवू का?
मी नको म्हटलं.
त्यामुळे गाण्यात गिरणीची पाटी उलटी आली आहे,
'दळण रोख' कुणालाच वाचता येत नाही,
आणि राजरतन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.
लोक हसतील म्हणाला.
मी म्हटलं, हे चार आण्याचं तिकीट आहे.
त्याला ते काही पटलं नाही. रेघ बरी आली म्हणाला.

ती रेघ पाहून मावशी मात्र हळहळली.
अशी रेघ आली की ऑपरेटरला शिव्या बसत.
तुम्ही मुद्दाम कशापायी ओढली, पोट्टेहो?
तीनदा पाहिलं तिनं गाणं.
चौथ्यांदा चालू असतानाच फोन पालथा केला
आणि मागच्या बाजूला वाकून बघितलं.
तिथं माझं कव्हर,
कव्हरात अडकवलेली वीसची नोट,
आणि आता तिच्या अंगठ्याचा पांढरा ठसा.
गाणं खालून वाजतच होतं.