अक्रोडाचं तेल

झुझुना गुरुवारी येते.
आमच्या लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं,
ते तिच्या जिवावर येतं, म्हणून जिन्यानं.
चौथ्या मजल्यावर आधी तिचा खोकला पोचतो,
मग पिशवी,
मग ती.

पिशवीत अक्रोड. कधी कोथिंबिरीची जुडी,
कधी सुनेबद्दलची ताजी तक्रार.
मी तोवर मातीच्या भांड्यात राजमा चढवलेला असतो
आणि खिडकीशी कॅनव्हास.
दोन्हीकडे लक्ष ठेवायचं म्हटलं की
एक काहीतरी करपतंच.
बहुतेकदा राजमा.
चित्र करपलेलं लोकांना कळत नाही.

एकेचाळीस वर्षं मी हिचे हात काढते आहे.
चेहरा जमला. नाकावरून भांडलो,
ती म्हणाली, एवढं नाहीये माझं,
मी म्हटलं, आरशाला विचार.
हात मात्र सापडत नाहीत.
ही बसते तीच मांडीवर ताट घेऊन, फोडायला लागते.
"रिकामी बसले तर मला पुरल्यासारखं वाटतं, त्सिआला."
टक्, गर ताटात. टक्, कवच बादलीत.
कोळसा कागदाला लागेपर्यंत
अंगठा कुठल्या कुठे गेलेला.

मग कूट. हातयंत्रातून दोनदा.
लसूण पडायच्या आधी ती मुठीत घेऊन दाबते,
आणि बोटांच्या फटींतून
संथ, पिवळं तेल उतरतं.
अर्धं पालकाच्या गोळ्यांवर,
अर्धं माझ्या बशीत, रंग कालवायला.
एकदा तिबिलिसीहून एक गिऱ्हाईक आलं होतं,
माझ्या चित्राजवळ वाकलं, नाक ओढलं,
आणि म्हणालं, जेवायची वेळ झाली का हो?
ते चित्र त्यानं घेतलं.

फेब्रुवारीत ती जिन्यावरून घसरली.
वीस तेत्री वाचवले
आणि मनगट मोडून घेतलं.

पुढच्या गुरुवारी आली, लिफ्टनं,
प्लास्टरचा पांढरा ओंडका माझ्यापुढे टेबलावर ठेवला.
"घे. आता हलत नाही. काढ."

मी कोळसा घेतला. बसले.
राजमा करपला.
काही काढता आलं नाही.

मग हातोडी घेतली मी. शहात्तराव्या वर्षी
अक्रोड फोडायला शिकले,
निम्मा गर चिंधड्या झाला,
आणि ती खुर्चीतून, महाराणीसारखी,
"आम्हाला कवचं चारणार का आज?"
कूट मुठीत घेतला. दाबला.
काहीच नाही. कोरडी माती जशी.
तेव्हा ती उठली,
डावा हात माझ्या मुठीवर ठेवला
आणि दाबलं.
आधी तळव्यात ऊब आली,
मग थेंब.

त्या तेलात मी तिच्या प्लास्टरवरच हात काढला.
न बघता. चष्माही नव्हता.
हाडं, शिरा, हिरव्या सालींचे न जाणारे डाग,
अंगठा कुठे जाईल ते ठाऊकच होतं.
वर तिच्या हट्टाखातर लाल नखं,
जी तिनं जन्मात रंगवली नव्हती.
रंग सुकायला बारा दिवस लागले.
बारा दिवसांत तिची बाही, सुनेचा सोफा,
आणि दवाखान्यातल्या दोन परिचारिका
लाल झाल्या.

एप्रिलमध्ये डॉक्टरनं करवतीनं उभं कापलं.
अर्ध्यात ती आता लसूण ठेवते.
दुसरं अर्धं मुलानं कचरा म्हणून टाकलं,
त्यावर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही,
आणि मी मात्र
थोडी सुटल्यासारखी झाले, का ते विचारू नका.

आज गुरुवार.
वाटलं होतं, आता तरी लिफ्टनं येईल.
दुसऱ्या मजल्यावर खोकला वाजला.
मी राजम्याखालचा गॅस बारीक करते,
कागदाला टाचण्या लावते,
कोरा.