अलियोच्या फेऱ्या

विचारताय तर सांगतो, पण तो कागद बाजूला ठेवा.
त्यावर दोनच चौकोन आहेत, हो आणि नाही.
माझी गाडी त्यात मावायची नाही,
गाढव तर त्याहून नाही.

मी अलियो. बैदोआच्या झऱ्यावरून पाणी वाहायचो.
त्या वर्षी पाणी राहिलं.
पहाटे काटेरी कुंपणांच्या कडेनं जायचं,
चटईत गुंडाळून ठेवलेलं असेल ते उचलायचं.
आकडे मला येत नाहीत, फेऱ्या येतात.
सप्टेंबरात दिवसाला नऊ.
एका फेरीत मोठी सहा. लहान किती मावतात
ते मला ठाऊक आहे,
ते सांगणार नाही.

ज्वारी बंदरात पडून होती, सगळ्यांना माहीत होतं.
बंदरापासून इथवर चौदा नाके,
नाक्यानाक्यावर मिसरूड न फुटलेली पोरं,
नाक्यानाक्यावर पोती कमी.
मक्कायनं तीन ट्रक आणले, बंदुकीशिवाय.
तिला त्या पोरांच्या आयांची नावं पाठ होती,
एकेकाला आईच्या नावानं हाक मारायची.
चौथ्या वेळी नाक्यावर नवीन पोरं होती.
तिची कढई अजून माझ्याकडे आहे.

डिसेंबरात परदेशी शिपाई आले.
हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं दहाबोच्या झोपडीच्या चटया उडाल्या,
ती शिव्या देत त्यांच्यामागे धावली.
आणि मग पोती आली. भरलेली,
शिवण न उसवलेली.
डोळ्यांनी पाहिलंय, खोटं कशाला बोलू?
दहाबोचा मादे त्याच ज्वारीवर उभा राहिला,
आज चौकात पंक्चर काढतो.
त्याच्यासमोर उभं राहून
‘नाही’वर खूण करा बघू.

पण फेऱ्या विचाराल
तर त्या नोव्हेंबरातच दोनावर आल्या होत्या.
मरायचे ते मरून झाले होते.
वरातीमागून घोडं म्हणतात ना,
इथे मयतीमागून चिलखती गाडी.

इस्गोवे, माझा चुलतभाऊ,
रात्री शेळी शोधायला निघाला, हातात टॉर्च.
शिपायाला टॉर्चमागे बंदूक दिसली.
शिपाईही पोरगाच. दुसऱ्या दिवशी
बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या दाराशी आला,
काही बोलेना, जाईनाही.
मी डबा घेतला.
घरात खाणारी पाच तोंडं होती.

पुढच्या पिकाला मेव्हण्याची ज्वारी चांगली भरली.
बाजारात फुकटची पोती छातीएवढी,
कोण विकत घेणार?
त्यानं सगळी पेवात घातली, वरून माती लोटली.
मी मदतीला होतो.
हाताला ते लोटणं ओळखीचं वाटलं.

मग शिपाई गेले. झेंडा उतरवला, सलाम ठोकला,
तारेचं कुंपण तेवढं विसरले.
आठवड्यात नाके परत उभे,
तीच पोरं,
मिशा आता दाट.

आता पुन्हा पाणीच वाहतो.
गाढव म्हातारं झालंय, डोळ्यांत मोती पडलाय,
तरी त्या कुंपणापाशी
कुणी लगाम न ओढता थांबतं.
मी खाली उतरत नाही.
थोडा वेळ जाऊ देतो,
मग म्हणतो, चल.