पट्टा कापताना

दुकानात हेल्मेट आलं
की मी आधी ते हुंगते.
घाम, खोबरेल, पार्क मैदानाची धूळ,
कुणाच्या तरी परीक्षेच्या आदल्या दिवसाची मॅच.
मग माठ पारखतात तसं बोटानं ठोकते.
धड असेल तर टणकतं.
आतून गेलेलं असेल तर
भद्द म्हणतं, आणि गप्प.

हे नायनांनी शिकवलं.
नायना गिरणीत जॉबर,
रविवारी गिरणीच्याच टीमचे ओपनर.
त्यांच्या वेळी डोक्यावर टोपी,
टोपीखाली चौघडी टॉवेल,
आपल्याच खात्यातला, सेकंडचा माल.
बाउन्सर आला की मान काढायची.
मान चुकली की
चुना-हळद, आणि सोमवारी पाळी.

राचप्पा बुळ्ळा एकदा राजदूतचं हेल्मेट घालून
बॅटिंगला उतरला.
अख्खं मैदान ओरडलं, किक मार की बे!
त्याला ते ऐकूच आलं नाही.
नायनांचा ‘नो’ही ऐकू आला नाही.
रनआउट झाला, तरी
परत येताना काच वर करून हसत होता.

मग वर्गणी काढून एक आणलं,
पांढरं, जाळी नसलेलं.
अकराजणांत एक.
दोघं खेळणार, डोकी दोन, हेल्मेट एक.
एकेरी धाव निघाली की
मधल्या पट्टीत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात
तेही पळायचं.
अंपायर थांबायचा.
घाईची दुसरी धाव असली
तर ते तिथंच पडून राहायचं, उताणं,
भाकरीच्या परातीसारखं ऊन साठवत.

गिरणीचा भोंगा थांबला,
त्या वर्षी अशोक चौकात हे दुकान.
ग्लोव्हजची शिवण, बॅटच्या मुठी, पॅडचे बक्कल.
लतीफचाचा जाळीला वेल्डिंग करून द्यायचे.
नायना आत गादी शिवायचे चादरीच्या तुकड्यांची,
त्यामुळं सोलापुरात कितीतरी पोरं
डोक्याला अर्धा मोर लावून खेळली
आणि त्यांना कधी कळलं नाही.

श्रीशैल म्हमाणे याचं हेल्मेट
आदल्या मोसमात एकदा लागलेलं होतं.
केसाएवढी चीर.
नायनांनी भरली, घासली,
वरून निळा रंग दिला.
इतका सुरेख, की त्यांनी मला बोलावून दाखवला.
सांग बरं कुठं होती?
मला सापडली नाही.

चेंडूला सापडली.

पोरगं वाचलं. बोलतं, चालतं,
बाजार समितीत कांद्याचा हिशोब लिहितं.
फक्त वास गेला.
आई शेंगाची चटणी कुटते
तेव्हा त्याला नुसता उखळाचा आवाज येतो.

नायनांनी त्यानंतर
एकाही हेल्मेटला रंग लावला नाही.
लागलेलं हेल्मेट आलं की पट्टा कापायचे,
कातडं कापायच्या कात्रीनं,
कुणाचं आहे ते न विचारता.
शिव्या खाल्ल्या, गिऱ्हाइकं गेली.
जेवताना एकदाच म्हणाले,
ते एकदाच वाचवतं गं.
दुसऱ्यांदा फक्त डोक्यावर असतं.

आता कात्री माझ्याकडं.
काल एक बाप आला, विडी घाट्टातला,
म्हणाला, ताई, वरून काही दिसत नाही की ओ,
नवीन केवढ्याला पडतं ठाऊक आहे.
मला ठाऊक आहे. मीच विकते.
मी ठोकून दाखवलं. भद्द.
त्यानं परत ठोकलं,
जरा हळू,
जणू हळू विचारलं तर वेगळं सांगेल.

पट्टा कापला.
नवीन दिलं, निम्मे पैसे वहीत मांडले.
ती वही बरीच जाड झाली आहे.

कापलेली भंगारवाला घेत नाही,
त्यात लोखंड नसतं, म्हणतो.
मागच्या खोलीत रास आहे.

कधी बाजार लवकर उठला की
श्रीशैल येतो, स्टुलावर बसतो,
राशीतलं एखादं उचलून
माझ्यासमोर धरतो.

सांग.

मी हुंगते.
घाम, म्हणते. खोबरेल.
धूळ, पण पार्कची नाही, काळ्या रानातली.
आणि काहीतरी गोड, थांब,
खिशातली बडीशेप असावी.

तो मान हलवतो,
डोळे मिटून,
अजून, म्हणतो.