दुसरी पसंती

मतदान मंगळवारी झालं. आज शुक्रवार.
ओडेट लिझॉट अजून हरलेली नाही.

असं मीच म्हणतो, बसच्या गॅरेजात, एकटा,
हातात तेलकट फडकं धरून.
रेडिओ म्हणतो, व्हीलॉक एकोणचाळीस टक्के,
ओडेट एकतीस, हास्केल अठरा,
बाकीचे चिल्लर.
निम्म्याच्या पुढे कुणीच नाही.
म्हणून मेनच्या कायद्याप्रमाणे
मतपेट्या ट्रकात चढल्या आहेत, ऑगस्टाकडे.
तिथे तळाची नावं एकेक करून गळतील
आणि त्यांच्या मतपत्रिकांवर पुढे काय लिहिलंय
ते वाचलं जाईल.

मी खडूने टायरवर हिशेब केला.
उरलेल्या दहातल्या साडेसहा जणांनी
तिला दुसरी लिहिलेलं असायला हवं.
पुसून टाकला. पुन्हा केला. तेवढाच आला.

मार्चच्या चिखलात मीच तिला दारोदार फिरवलं.
माझा ट्रक, तिचे गमबूट, एक थर्मास.
व्हीलॉकचा चेहरा तेव्हा रोज संध्याकाळी
हवामानाच्या आधी आणि नंतर टीव्हीवर यायचा.
लोक दार अर्धं उघडून म्हणायचे,
बाई, माणूस म्हणून तुम्ही भल्या,
पण हास्केलला शब्द देऊन बसलोय.
ती म्हणायची, मग मला दुसरी लिहा.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.
माल विकायला निघालेल्यानं
शेजारच्या दुकानाचा पत्ता आधी सांगावा
आणि वर म्हणावं, उरले पैसे तर माझ्याकडेही या!
ट्रकात बसल्यावर मी तसं बोललोही.
ती म्हणाली, एल्विन, मी चार बहिणींतली तिसरी.
मला दुसरी म्हणजे बढती.

बावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली.
घर नंबरानं नाही, उतरणाऱ्या पोरानं ओळखते.
पोर्टलंडहून एक वार्ताहर आला होता,
हिमवादळात अडकलेल्या बसची गोष्ट शोधत.
तशी गोष्टच नव्हती.
तिची बस कधी अडकलीच नाही.
तो कॉफी पिऊन परत गेला.

ॲमेदे सूसीच्या दाराशी मात्र मी गप्प झालो.
नाकात ऑक्सिजनची नळी, पायाशी कुत्रा,
आणि अंगणात व्हीलॉकची पाटी, दोन-दोन.
ओडेटनं मत मागितलंच नाही.
विचारलं, रोझलीचा दमा कसा आहे?
रोझली आता तिशीची, बँगोरला असते.
तिसरी रांग, खिडकीजवळ, म्हातारा म्हणाला.
खिडकी बंद, ओडेट म्हणाली, धुरळा नको म्हणून.
त्यानं आमचा कागद घेतला,
गोळ्यांच्या डबीखाली सरकवला.
पुढे त्याचं काय झालं, तो जाणे.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
पण पाचातले दोघे एकीकडे, दीड दुसरीकडे,
आणि उरलेले अजून ट्रकात,
हायवेवर, कुलूपबंद,
तेव्हा परमेश्वरानं कुणाच्या तोंडून बोलावं?

दुपारी तिचा फोन आला.
मला वाटलं, आकडे विचारेल.
म्हणाली, चौदा नंबरचा डावा ब्रेक करकरतोय,
सोमवारी माझी पाळी आहे, बघून ठेव.
आणि निकाल?
तो काय मी बघितल्यानं बदलणार आहे?
ब्रेक बदलेल.

म्हणून चाक उतरवलं.
दारातून काळ्या माशा आत येतायत,
रस्त्याकडेच्या लुपिनवर जांभळा रंग चढलाय,
व्हीलॉकचे लोक म्हणे हॉलचं भाडं भरून बसलेत.
भरू देत.
चाक परत बसवताना पहिल्या फेरीत
कुठलाच नट पुरता आवळायचा नसतो.
समोरासमोरचे घ्यायचे, हलक्या हातानं,
चाक आपली जागा शोधेपर्यंत.
खरा जोर दुसऱ्या फेरीत.

हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही.
चार आवळले. दोन राहिलेत.
रेडिओ बंद केलेला नाही,
फक्त पाना हातात आहे तोवर
आवाज बारीक ठेवलाय.