ड्रायव्हर सापडला नाही

पडद्यावर पाटी आली : ड्रायव्हर सापडला नाही.
मी चष्मा कपाळावर चढवून म्हटलं,
अगं बाई, मी इथंच बसलोय की.
एकतीस वर्षं सातारा रस्त्यावर बसलो,
आता बालाजीनगरात, दुसऱ्या मजल्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत.

कार्ड तपकीर गल्लीतलं, वापरलेलं.
दुकानदार म्हणाला, काका, यावर फक्त गेम खेळलेत,
जुनी गाडी विकणारा म्हणतो ना, फक्त डॉक्टर चालवायचे, तसं.
दोन पंखे. एकाला किंचित घरघर.
कान लावला. बेअरिंग. चालेल.
निरंजनने, जावयाने, स्क्रू आवळले नि हिंजवडीला पळाला.

काम एवढंच : माझी शेवटची फेरी,
कात्रज ते शिवाजीनगर,
गुलाब गुंजाळने फोनवर घेतलेली.
माझा कंडक्टर. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात फोन,
म्हणून चित्र हलतं, तो हलायचा तसंच.
तो स्वतः त्यात कुठेच नाही, नुसता आवाज.
आणि गेल्या श्रावणात घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून
तो आवाज दुसरीकडे कुठेच नाही.
रविवारी येतोय, बायकोला घेऊन, बघायला.

कार्डाशिवाय मशीन म्हणालं होतं, अकरा तास.
एकाहत्तर मिनिटांच्या फिल्मला!
विसर्जनाच्या दिवशीसुद्धा मी एवढा अडकलो नव्हतो.
मग नवा ड्रायव्हर उतरवला, नेटवरून,
छातीवर बिल्ला नाही, कुठल्या डेपोचा ठाऊक नाही.
हार्डवेअरने वेग वाढवायच्या चौकोनात खूण केली
आणि गाडी सुटली.
पंखे घाट चढल्यासारखे ओरडले,
बारा टक्के, तीस, पंचावन्न,
एकोणीस मिनिटांत शिवाजीनगर.

बघतो तर पद्मावतीपासून पुढे सगळं हिरवं.
झाडं नव्हेत. नुसतं हिरवं, पट्ट्यापट्ट्यांनी फाटलेलं.
आणि आवाज मागे राहिलेला :
बस भापकर पंपावर,
हा अजून म्हणतोय, पद्मावती, चला पद्मावती.

निरंजनला फोन लावला.
बाबा, नवा ड्रायव्हर काढून टाका,
दोन वर्षांपूर्वीचा जुना बसवा, त्या कार्डाला तोच समजून घेतो.
मी जरा वेळ काहीच बोललो नाही.
हे वाक्य मला डेपो मॅनेजरच्या तोंडून ऐकायचं होतं.

जुना बसवला. हिरवं गेलं.
आवाज मात्र मागेच. तो म्हणे फोनचा दोष,
चित्र कमीजास्त वेगानं घेतो, आवाज आपला एका चालीत.
तेव्हा हातानेच जुळवायला बसलो.
डबल बेल वाजते, मी क्लच सोडतो, चित्राला हिसका बसतो :
घंटा उचलायची आणि हिसक्यावर ठेवायची.
थांबा आला की कापायचं, ओढायचं, पुन्हा ऐकायचं.
एका भारती विद्यापीठाला तीन संध्याकाळी गेल्या.

म्हणून ऐकू आलं.
हेडफोन लावून, अकराव्यांदा, बालाजीनगरच्या थांब्यावर,
घंटेच्या आधी, हळू आवाजात, कुणा बाईला :
"मावशी, सावकाश उतरा. आज आमच्या साहेबांची शेवटची फेरी.
लवकर संपवायची नाही."
पुढच्या थांब्यावर पुन्हा. कॉलेजच्या पोरांना. एका म्हाताऱ्याला.
लक्ष्मीनारायणला तर पिशवीतले कांदे सांडले होते कुणाचे तरी,
आता वाटतं, सांडले की सांडवले?

रोजची फेरी पन्नास मिनिटांची.
त्या दिवशीच्या उशिरापुढे मी लिहिलं होतं : ट्रॅफिक.

आणि फिल्ममध्ये माझाही आवाज आहे, एकदाच,
स्वारगेटला, आरशाकडे बघत, खेकसून :
"उतरा की लवकर! काय मुक्कामाला आलात?"
ते काढता आलं असतं. कात्री तिथंच होती, बोटाखाली.
ठेवलं.
गुलाब हसेल. आवाज येणार नाही,
पण त्याचे खांदे हलतात हसताना,
ते मला आरशात नेहमी दिसायचे.