वीतभर

अठ्ठ्याहत्तरावं मिनिट होतं, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.
भुसावळचं रेल्वे ग्राउंड, पूर्वेच्या पायऱ्या,
तिसरी ओळ, जिथे सिमेंट फुटून खडी वर आलीये,
तिथे माझी जागा. अकरा वर्षं.
बाजूला नेहेते आप्पा, मांडीवर भरिताचा डबा,
झाकण घट्ट,
कारण धुळ्यावर गोल चढल्याशिवाय
ते घास घेत नाहीत.

धुळ्याची पांझरा स्पोर्टिंग. पिवळे.
दोन्हीकडची पोरं आता पगारी,
आमचा गोलकीपर इंफाळचा, मधला कुठला तरी गोव्याचा,
पण रमजान तडवी यावलचा. आपला.
केळीच्या बागेत अनवाणी पळून तयार झालेले पाय.
त्याला मागून चेंडू आला
आणि तो सुटला, भो, जसं इंजिन
डबे न जोडताच निघून जावं.

जाळं हललं.
आप्पांनी झाकण काढलं.
तेवढ्यात इकडच्या कडेला
एक काडीपैलवान पोरगा
झेंडा वर धरून उभा.

अख्खी पायरी उठली:
तुना डोया फुटनात का रे?
कोणी त्याची आई काढली, कोणी त्याची
धुळ्यातली सोयरीक शोधून काढली.
एक चप्पल गेली मैदानात. माझी नव्हती.
माझी पायात होती, मी नंतर पाहिलं.
रेफरी वळवी सर, शहाद्याच्या शाळेतले,
एकदा झेंड्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे,
आणि गोल पुसून टाकला
फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसावं तसा.

आता ऐका.
चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो मी.
शिट्टी आणि झेंडा मला कोणी शिकवू नये.
माझ्याकडे दोन होते, लाल आणि हिरवा.
ह्या कडेवरच्या पोराला
हिरवा दिलेलाच नाही.
थांबवायचं तेवढं काम.
जाऊ द्यायचं असलं तर हात खाली,
आणि खाली असलेला हात कोणाला दिसतो?

एकदा शिरसोली सोडल्यावर, पहाटे, वळणावर,
मला चौथ्या वाघिणीखाली काहीतरी लोंबताना दिसलं.
ब्रेक ओढला.
गोणपाट निघालं.
मागे मेल अडकली, ड्रायव्हरने माझं कूळ उद्धारलं,
खुलासा मागितला साहेबांनी.
मी एक ओळ लिहिली: दिसलं म्हणून थांबवलं.
पुन्हा दिसलं असतं तर पुन्हा ओढला असता.

हे मला सामन्यात आठवलं नाही.
सामन्यात मी ओरडत होतो.

रात्री स्टेशनावर तो पोरगा दिसला,
सुरत पॅसेंजरची वाट बघत,
गुंडाळलेला झेंडा पिशवीतून अर्धा बाहेर,
हातात केळं. आमच्याकडचंच.
मी जाऊन शेजारी बसलो.
किती होता, म्हटलं.
त्याने मान वर केली नाही.
हातभर.
हातभर नव्हता.
बरं, वीतभर.
वीतही नाही, मी म्हटलं, तडव्याचा फक्त गुडघा पुढे होता.
काका, तुम्ही कुठे बसला होता?
तिसरी ओळ. मधोमध.
मी रेषेवर होतो, तो म्हणाला,
आणि साल नीट घडी करून खिशात ठेवली.

ह्यावर बोलण्यासारखं खूप होतं.
गाडी लागली.
शेवटच्या डब्यातून गार्डाने हिरवा दिवा हलवला,
त्याने दारातून पाहिला, मी फलाटावरून.
त्यावर वाद नव्हता.

आप्पांचा डबा तसाच घरी गेला.
गोल होता, हे मी आजही म्हणतो, आणि म्हणणार.
परतीचा सामना धुळ्याला आहे.
रेषेच्या अगदी सरळ समोर एक जागा असते,
तिचं तिकीट विचारून ठेवलंय.
महाग आहे.